फुकट म्हनू नका

इन्कमटॅक्सवाल्या मावशींसमोर ‘फुकट’ हा शब्द काढायची आमच्या गल्लीत कुणाची बिशाद नव्हती. शाळेत मिळालेली पुस्तकं असोत की सरकारी दवाखान्यातली गोळी, कुणी ‘फुकट’ म्हटलं की मावशी फाटकातूनच ओरडायच्या, "फुकट म्हनू नका! लोकायनं भरलेलं आहे ते!"

मावशी अमरावतीच्या आयकर कार्यालयात आवक-जावक सांभाळायच्या, एवढंच. तरी कुणी नवा फ्रिज आणला की खोक्यावर चादर टाकूनच तो घरात न्यायचा. मावशी पोट धरून हसायच्या. "अरे, माह्या हाती शिक्का आहे, छापा नाई!"

त्या एका शब्दावर एवढा राग का, हे मला फार उशिरा कळलं. मावशी वसतिगृहात राहून, शिष्यवृत्तीवर शिकलेल्या. वर्गातल्या मुली त्यांना ‘फुकटी’ म्हणायच्या. "तवा तोंडात उत्तर नवतं," त्या मला म्हणाल्या. "या हापिसात लागली अन् सापडलं."

मग माझ्या आईच्या किडन्या गेल्या. खासगी डायलिसिस आम्हाला परवडेना आणि सरकारी दवाखान्यात जायला आई तयार होईना. "जन्मात कोनाचं फुकट खाल्लं नाई, आता मरताना काहून खाऊ?" डॉक्टर म्हणत होते, आठवडाही थांबू नका. मी हातापाया पडून थकलो आणि शेवटी मावशींना बोलावलं.

त्यांनी ओट्यावरची नवी माचिस उचलून आईच्या हातात ठेवली. "वयनी, हे इकत घेतली ना? त्यात टॅक्स गेला. साबनात गेला, तेलात गेला. जन्मभर भरून राह्यल्या तुमी. मशीन तुमचीच आहे, चाला." आई उठली. त्या दिवशी मावशी ऑटोत तिच्याशेजारी बसून गेल्या आणि नंतर प्रत्येक खेपेला गेल्या.

मागल्या वर्षी मावशी अचानक गेल्या. सख्खं माणूस गेल्यासारखा रडलो मी. आई आता पुन्हा हट्ट धरेल अशी धास्तीही होती, पण ठरल्या दिवशी ती आपणहून पिशवी घेऊन दारात उभी राहिली.

परवा डायलिसिसला आईच्या शेजारच्या खाटेवर मोर्शीकडची एक म्हातारी आली. अंग चोरून बसलेली. नर्सनं विचारलं, काही त्रास होतो का, तर म्हणाली, "फुकटचं आहे माय, आमी काय बोलाव?"

आईनं पिशवीत हात घातला. रिपोर्टांच्या खालून तीच माचिस काढली, एकही काडी न ओढलेली.

"बाई," ती म्हणाली, "तुमी माचिस इकत घेता का नाई?"