पिवळ्या गाडीचा गळा

महाड ते पोलादपूर या पट्ट्यात देवाने कान दिले ते एकाच माणसाला, आणि तो माणूस म्हणजे माझे थोरले साडू. उरलेल्या आम्हा सगळ्यांना त्याने चष्मा अडकवायला दोन खुंट्या दिल्या, असं माझं अनेक वर्षांचं निरीक्षण आहे. मी महाडला राहतो आणि माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो, म्हणजे ऐकण्यापेक्षा बोलण्याची सवय जास्त. साडूंचं नेमकं उलट. पोलादपुरात हमरस्त्याला लागून त्यांचं पत्र्याचं वर्कशॉप आहे. तिथे ते गाड्यांचे सायलेन्सर दुरुस्त करत, नवे बनवत, आणि दिवसभरात ते जेवढे शब्द बोलत तेवढे मी सकाळची हजेरी घेतानाच खर्च करून बसलेला असे.

त्यांच्याशी गप्पा मारायच्या म्हणजे मोठी शिक्षा होती. आपण काही जिवाभावाचं सांगत असावं, त्यांनी ‘हं, हं’ करत राहावं, आणि मधेच हात वर करून आपल्याला गप्प करावं. काय झालं म्हणून पाहावं तर रस्त्याने एसटी गेलेली असे. “महाड डेपोची. मागल्या आठवड्यात बरी होती रे,” असं म्हणून ते इतके हळहळत, की एखाद्याला वाटावं घरातलंच कुणी आजारी आहे. माझ्या लग्नात पाठवणीच्या वेळी सगळा मांडव रडत होता, नवरी रडत होती, सासूबाईंना दोघींनी धरलं होतं, आणि हे आमच्या जीपखाली आडवे झालेले. सायलेन्सरची पट्टी सैल आहे, खडखडते, असल्या आवाजात नवी नवरी घरी न्यायची नाही, म्हणून त्यांनी पट्टीच सोडली. ती परत बसेपर्यंत अर्धा तास गेला. मग सगळ्यांना नव्याने रडावं लागलं, आणि दुसऱ्यांदा रडताना माझ्या बायकोला हसू आलं ते आजतागायत माझ्या आईने माफ केलेलं नाही. पुढे सासरे मुंबईला वारले. त्यांना घेऊन गाडी गावी आली, दारात थांबली, बायकांनी टाहो फोडला, आणि साडू चालकाजवळ जाऊन हलक्या आवाजात म्हणाले, “तिसरा सिलिंडर मारत नाय.” हे सांगून झाल्यावर ते मागच्या पडवीत गेले आणि आमच्यापैकी कुणीही रडलं नसेल एवढे रडले. ज्यांनी पहिलं ऐकलं त्यांनी दुसरं पाहिलं नाही, त्यामुळे नातेवाइकांत त्यांची ख्याती काय झाली असेल ते सांगायला नको.

हा कान त्यांना कुठून मिळाला? लहानपणी ते गावच्या खालूबाजात होते. सनईवाला पुढे वाजवत असतो, आणि मागे एक जण नुसता सूर धरून बसतो. लग्न लागो, पालखी नाचो, त्याने आपला एकच सूर सोडायचा नाही. साडू तो सूर धरायचे. वयाच्या दहाव्या वर्षापासून ज्याने एका सुरावर रात्रंदिवस गाल फुगवले, त्याला पुढे जगातलं सगळं थोडं बेसूरच लागणार. माझ्या मेव्हणीचा मिक्सर त्यांनी तीनदा उघडला. पुरात बुडालेली माझी स्कूटर त्यांनी न विचारता नेली आणि अशी करून आणली, की आमच्या आळीतली कुत्री तिच्यावर भुंकेनाशी झाली. पण मोठ्या आवाजाचा त्यांना मनस्वी तिटकारा. फटाके फोडणारा सायलेन्सर लावून द्या म्हणत बुलेटवाली पोरं यायची, त्यांना ते उभंसुद्धा करत नसत. “बोंबलायचंच आसल तर तोंडानं बोंबल. पेट्रोल कशाला जाळतोस?” हे वाक्य मी स्वतः निदान दहा वेळा ऐकलंय, आणि पुढे जे झालं ते सांगताना ते मला पुन्हा पुन्हा आठवतं.

तर अशा माणसाकडे एक दिवस दादा आले. दादा म्हणजे आमच्याच तालुक्यातल्या एका वाडीचे, पण वडिलांनी मुंबईत बांधकामांत नाव काढलेलं. आमच्या शिक्षणसंस्थेच्या संचालक मंडळावर ते आहेत, एवढी ओळख मला पुरेशी होती. त्यांनी एक पिवळीजर्द, दोन दरवाजांची, जमिनीला पोट टेकवणारी शर्यतीची गाडी आणली होती. आमच्या हमरस्त्यावर ती आणणं म्हणजे पैठणी नेसून चिखलणीला जाण्यापैकी होतं. दादांचं दुःख एवढंच, की गाडी दिसते वाघासारखी आणि आवाज मात्र पिठाच्या गिरणीचा. मीच त्यांना साडूंकडे घेऊन गेलो. संचालकांवर उपकार करण्याची संधी कोणता मास्तर सोडेल?

साडूंनी गाडी सुरू करायला लावली, दोन मिनिटं डोळे मिटले आणि म्हणाले, “गळा चांगला हाय. दाबलाय कुनीतरी.”

त्या दाबलेल्या गळ्यावर त्यांनी चार महिने घालवले. इंजिनाला सहा सिलिंडर. सहांचा धूर सहा नळ्यांतून येऊन एका जागी मिळतो, आणि प्रत्येक नळीची लांबी दोऱ्यादोऱ्याने सारखी हवी, नाहीतर एक जण आधी बोलतो आणि एक जण मागून, हे त्यांनी मला समजावलं. लांबी ते हार ओवायच्या दोऱ्याने मोजत. स्टेनलेसची नळी वाकवताना चेपू नये म्हणून तिच्यात कोरडी वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडाची बुचं मारायची, आणि मग गॅसने लाल करून वाकवायची, ही त्यांची पद्धत. वाळूत जरा ओल राहिली तर बूच गोळीसारखं सुटतं. म्हणून सावित्री नदीची वाळू चाळून माझी मेव्हणी ती चिवड्याच्या कढईत भाजून द्यायची. त्या वर्षी त्यांच्याकडचा दिवाळीचा चिवडा दाताखाली कचकचला. मेव्हणीला म्हटलं, तर ती म्हणाली, “खा गुपचूप. त्यांचा जीव हाय त्याच्यात.”

आवाज तपासायची तऱ्हा तर आणखी वेगळी. गाडीजवळ उभं राहून ते कधी ऐकत नसत. “गाडीचा आवाज गाडीत बसनाऱ्याला नसतो रे मास्तर, समोरच्या डोंगराला असतो.” त्यामुळे दादांनी महाबळेश्वरच्या घाटात गाडी चढवायची, आणि आम्ही दोघांनी दरीच्या अलीकडे एका कातळावर बसायचं. माझ्याकडे शाळेची वही. साडू डोळे मिटून सांगत, मी लिहून घेई. “चौथ्या वळनाला नाकात बोलते, लिही. सातव्याला बरी, पन आव आनते. उतारावर खोकते.” निबंध तपासताना मी पोरांना जे शेरे देतो त्याहून हे शेरे कितीतरी नेमके होते, आणि त्या कातळावर बसलेले रविवार माझ्या आयुष्यातले फार चांगले रविवार होते. घरून आणलेली भाकरी, सुकटीची चटणी, आणि कुणी काही बोलायचं नाही. मला गप्प बसता येतं हे मला तिथे कळलं.

शेवटच्या रविवारी गाडी चढू लागली आणि साडू काही सांगेनातच. मी पेन धरून बसलेला. खालून एक भरीव, संथ, एकसलग सूर वर येत होता. वळणावर तो झुकायचा, पण तुटायचा नाही. गवताचा भारा घेऊन चाललेली एक बाई भारा डोक्यावर तसाच ठेवून उभी राहिली आणि गाडी दिसेनाशी झाल्यावरच पुढे गेली. साडूंनी चपलेचा अंगठा उगाच दोनदा नीट केला.

“लिही,” ते म्हणाले.

“काय लिहू, भाऊ?”

“काय नाय. काय नाय म्हनून लिही.”

ती वही माझ्याकडे अजून आहे. शेवटच्या पानावर तारीख आणि खाली ‘काही नाही’.

दादांना मात्र थोडी निराशाच झाली. बाजारपेठेतून गाडी गेली तर माना वळायला हव्यात, अशी त्यांची अपेक्षा. आवाज जरा वाढवता येईल का, असं त्यांनी विचारलं. साडू म्हणाले, “वरडायचाच हाय तर रेडा पाळा.” दादा मोठ्याने हसले. पुढे मुंबईच्या मित्रांनी गाडीची फार तारीफ केली तेव्हा त्यांनी तो सायलेन्सर परदेशातून मागवला असं सांगितलं. हे मी साडूंना सांगितलं, तर त्यांनी नुसतं विचारलं, “गाडी थंडीत कशी बोलते म्हनाले?”

दीड वर्षाने निवडणुकीचं वारं सुटलं आणि दादांना समाजकार्याची आठवण झाली. त्याच सुमारास कर्कश सायलेन्सरांविरुद्ध मोहीम निघाली होती. पोरांच्या बुलेटचे सायलेन्सर जप्त होत होते, आणि ते मैदानात ओळीने मांडून त्यांच्यावरून रोडरोलर फिरवायचा जाहीर कार्यक्रम ठरला. दादांनी जाहीर केलं, की सुरुवात स्वतःपासून. माझ्या गाडीचा सायलेन्सर मी स्वेच्छेने रोलरखाली देतो. फोटो चांगला येणार होता. सूत्रसंचालक अर्थातच मी. तालुक्यात कुठल्याही कार्यक्रमाला फेटा बांधून माईकसमोर मीच उभा असतो.

हे मला दोन दिवस आधी कळलं. दोन दिवस. महाडहून पोलादपूर काही लांब नाही, स्कूटरने जाऊन चहा पिऊन परत येता येतं. मी गेलो नाही. आमच्या शाळेत मुख्याध्यापकाची जागा रिकामी होती आणि संचालक मंडळात दादांचा शब्द चालत होता, हे खरं कारण. शेवटी एक नळी तर आहे, असं मी स्वतःला सांगितलं, आणि माणूस स्वतःला जे सांगतो ते त्याला लगेच पटतं. त्या दोन संध्याकाळी मी निवेदन लिहिलं. ‘गोंगाटाला देऊ मूठमाती, शांततेशी जोडू नाती’ हे त्यातलंच माझं.

रोलरला हार घातला, समोर नारळ फुटला. बुलेटचे सायलेन्सर पापडासारखे मोडले, पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग दादांनी स्वतःच्या हातांनी तो चकचकीत सायलेन्सर आणून ठेवला. रोलर त्याच्यावरून गेला आणि तो चपटा झालाच नाही. नुसता जरा बसला. रोलर मागे आला, पुन्हा गेला. लोक हसायला लागले, दादाही कसंनुसं हसले, आणि कार्यक्रम पडू नये ही माझी जबाबदारी होती. मी माईकवर म्हणालो, “मंडळी, काही वाईट सवयी एका फेरीत सुटत नाहीत!” टाळ्यांचा कडकडाट झाला. चौथ्या फेरीला सांधे सुटले. तेव्हा मला उसाच्या रसाच्या गाड्याजवळ उभे असलेले साडू दिसले.

कार्यक्रम संपल्यावर ते माझ्याकडे आले. मी फेटा सोडत होतो. वाटलं, आता चारचौघांत शिव्या बसणार, आणि खरं सांगतो, मला त्या हव्या होत्या. ते म्हणाले, “आवाज चांगला लागला आज तुझा,” आणि एसटी पकडायला निघून गेले.

महिनाभर मी तोंड दाखवलं नाही. मग एका रविवारी गेलो. वर्कशॉपात ते खिडकीची जाळी जोडत बसले होते. सायलेन्सरचं काम बंद केलंय, हे मेव्हणीने फोनवर सांगितलंच होतं. मी स्टुलावर बसलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मला आधी माहीत होतं, दोन दिवस आधी, आणि मी आलो नाही.

“मला पाच दिस आधी म्हाईत होतं,” साडू जाळीवरची नजर न काढता म्हणाले. “गाडी माझ्याकडंच आनलान ना त्यानं, सायलेन्सर काढायला. दुसऱ्यानं गॅसनं कापला असता. नट मी लावलेले, मीच सोडले.”

“आणि तुम्ही काही बोलला नाहीत?”

“गाडी त्याची, रे.” त्यांनी हातोडी खाली ठेवली. “पत्रिकेवर तुझा फोटो बघितला, फेट्यातला. म्हटलं मास्तर आता येल. येऊन सांगंल. मग दोघं जाऊन बसू कातळावर. गाडी नव्हती, पन बसलो असतो. हिनं दोन दिस सांजच्या चाचं तुझ्या वाटनीचं आधन ठेवलं.”

रस्त्याने एक एसटी गेली आणि त्यांनी हात वर केला नाही.

“झालास का हेडमास्तर?” त्यांनी विचारलं.

“नाही. दादांच्या भाच्याला घेतलं.”

“तुला घ्यायला पायजे होतं,” ते अगदी मनापासून म्हणाले. “पोरांना तू चांगलं शिकवतोस.” मग आत तोंड करून त्यांनी हाक दिली, “मास्तर आलाय गो. चा ठेव.”

मेव्हणीने चहा आणला. मला आवडतो हे तिला ठाऊक आहे तसाच, साखर जास्त घालून. मी तो संपूर्ण प्यायलो, कारण नको म्हणण्याइतकीही हिंमत माझ्यात उरली नव्हती.