हात लावा जरा

गुडघे टेकायला मला कधीच अडचण नव्हती. माझे गुडघे स्वतःहूनच टेकायला तयार असतात. जिन्यात, पायरीवर, एकदा तर गोल बाजारात भांड्यांच्या दुकानासमोर भर गर्दीतही. अडचण असते ती उठायची. सांधेवात जडून बरीच वर्षं झाली होती. छत्तीसगड तेव्हा नुकतंच वेगळं राज्य झालं होतं, रायपूर राजधानी झाली होती आणि शहरातला एकूण एक रस्ता दुरुस्तीला काढला होता. माझ्या सांध्यांचा नंबर मात्र त्यात लागला नव्हता.

आम्ही विदर्भातले मराठी ख्रिस्ती. वडील रेल्वेत, म्हणून रायपूरच्या गुढियारी वस्तीत आलो. नवराही रेल्वेतलाच मिळाला, म्हणून तिथंच राहिलो. घरात वऱ्हाडी बोलायचं आणि चर्चमध्ये हिंदी. माझी आई या दोन भाषांमध्ये फारसा फरक मानत नसे. मराठी वाक्याला शेवटी ‘है’ लावलं की हिंदी झालं, असा तिचा हिशेब होता.

आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन वेदीसमोरच्या लाकडी कठड्यापाशी गुडघे टेकून घेतात. एक रांग टेकते, भाकर आणि प्याला घेते, उठते. मग दुसरी रांग येते. ज्यांना येता येत नाही त्यांना पाळक सगळ्यात शेवटी बाकावर आणून देतात. बाकावरची भाकर कमी पवित्र असते असं मी म्हणणार नाही. पण ती आली की अख्खं चर्च माना वळवून ‘बिचारी’ अशा नजरेनं बघतं. आजार मला तसाही सगळीकडे वेगळं बसवतो. लग्नात पंखा बघून कोपऱ्यात, बसमध्ये दारापाशी, स्वयंपाकघरात खुर्चीवर. त्या कठड्यापाशी तरी मला सगळ्यांच्या रांगेतच राहायचं होतं. एवढा एक हट्ट.

त्यासाठी आम्ही पद्धत बसवली होती. नवरा माझ्या डाव्या बाजूला टेकायचा आणि उठताना माझ्या कोपराखाली हात घालून मला गुपचूप वर उचलायचा. मागच्या बाकांवरून बघणाऱ्यांना वाटायचं, काय जोडी आहे! जोडी कसली, जॅक होता तो.

एका रविवारी त्याची ड्यूटी लागली. “आज बाकावर घे,” तो म्हणाला.

“कठडा आहे ना धरायला,” मी म्हटलं.

कठडा होता. पण धरायला बोटं लागतात, आणि माझी बोटं त्या सकाळी मुठीतून बाहेर यायला तयार नव्हती. आमची रांग उठली, मी राहिले. दुसरी रांग माझ्या दोन्ही बाजूंना येऊन टेकली. पाळक भाकरीचं ताट घेऊन माझ्यापर्यंत आले, क्षणभर थबकले, हिला आत्ताच दिली होती का, असा चेहरा केला आणि पुढे गेले. या रांगेत आई होती, अगदी माझ्या शेजारी.

“उठत काहून नाहीस वं?” ती कुजबुजली.

“येत नाही.”

“मंग आता?”

“कोणाला तरी सांग. हात लावा म्हणावं जरा.”

आई टुणकन उठली आणि थेट पहिल्या बाकावर गेली. तिथं महिला संगतीच्या अध्यक्षा बसायच्या. त्यांना सगळे दीदी म्हणत, आणि त्यांच्या आवाजाला माइक लागत नसे. आईनं त्यांना आपल्या हिंदीत सांगितलं, “वो नहीं उठ रही है. बोलती है, जब तक हाथ नहीं लगाएँगे, नहीं उठेगी.”

वऱ्हाडीत यात काही चूक नाही. आमच्याकडे धान्याचं पोतं उचलायचं असलं तरी ‘हात लावा’च म्हणतात. पण चर्चच्या हिंदीत हात लावणं म्हणजे आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून चंगाईसाठी, म्हणजे बरं होण्यासाठी, प्रार्थना करणं. दीदींचा समज झाला, की मी आज देवापुढे अडून बसले आहे. बरी होईन तेव्हाच उठेन.

“बहनो, आओ!” दीदी गरजल्या.

बहिणी आल्या. डोक्यावर हात, खांद्यांवर हात, पाठीवर हात. मला वर ओढायला एक हात हवा होता. मिळाले ते सगळे खाली दाबणारे. आणि बहिणी तब्येतीनं चांगल्या होत्या.

“दीदी, हाथ…” मी म्हटलं.

“हाँ हाँ, प्रभु का हाथ! उठा प्रभु, इसे उठा!”

“प्रभु नहीं दीदी, आप उठाइए!”

आता हसू येतं, पण त्या हातांखाली मी एक गोष्ट खरोखर केली. प्रार्थना. मी रोज बरं होण्यासाठी मागते, गोळी गिळतानाच मागते, म्हणजे वेळ वाचतो. देवानं अजून दिलेलं नाही आणि मी मागणं सोडलेलं नाही. आमच्या दोघांचं त्यावरून भांडणही नाही. त्या दिवशी मी वेगळं मागितलं. म्हटलं, प्रभू, बरं करायचं ते सवडीनं कर, आधी यातल्या एकीला तरी मराठी येऊ दे.

तेवढ्यात आई गर्दीत घुसली. “अवं दाबता काहून? उचला ना तिले!” असं म्हणून तिनं माझ्या काखेत हात घातला. दुसऱ्या बाजूनं एका बहिणीनं बघून बघून तसंच केलं. मी उभी राहिले.

“हालेलुया!” सगळं चर्च म्हणालं.

दारात लोक ‘जय मसीह की’ म्हणून माझे हात हातात घेऊ लागले. बोटं दुखत होती. दीदींनी पुढच्या सभेत माझी गवाही, म्हणजे देवानं बरं केल्याची साक्ष, ठरवूनही टाकली. मी सांगितलं, “दीदी, उठता येत नव्हतं. दोघींनी उचललं, उठले. एवढीच गवाही.”

“कितनी नम्र है,” दीदी शेजारणीला म्हणाल्या.

पाळकांना मी सगळं नीट समजावलं. त्यांना पटलं, आणि तिथंच घोटाळा झाला. “तो बहनजी, अब आप तकलीफ मत कीजिए,” ते फार मायेनं म्हणाले. “हम बेंच पर ही ले आया करेंगे.”

हेच मला नको होतं. मी विचारलं, “पास्टर साहब, पहला प्रभु भोज हुआ, तब घुटने कौन टेका था?”

त्यांनी विचार केला. “कोई नहीं. सब टेक लगाकर बैठे थे.”

“मुझे तो टेक भी नहीं चाहिए. खाली स्टूल चलेगा.”

ते हसले, म्हणजे हरले. नवऱ्यानं गोल बाजारातून एक उंच लाकडी स्टूल आणलं, बसलेलं माणूस ढकलल्यासारखं आपोआप उभं राहील इतकं उंच. कठड्याच्या टोकाला ते ठेवलं गेलं. “प्रभु के सामने बैठेंगी?” दीदींनी विचारलं. पण तोवर मी बसलेही होते आणि रांगेबरोबर भाकर घेऊन उठलेही होते, कोणाचा हात न लागता.

पुढच्याच महिन्यात मी काठी टेकत कठड्याशी पोचले, तर स्टुलावर आई. ठणठणीत.

“आई, ऊठ. ते माझं आहे.”

“काहून? तवा सगळेच बसले होते म्हणे ना? मंग मले का झालं?”

रांग लागली होती, वाद घालायची ती जागा नव्हती. मी तिच्या शेजारी काठीवर उभी राहिले, पलीकडे बाकीचे टेकलेले. पाळकांनी बसलेलीला दिली, उभीला दिली, टेकलेल्यांना दिली, आणि चेहरा सरळ ठेवला. आमेन झालं. आई हलेना. तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते.

“बाई,” ती हळूच म्हणाली, “हात लाव ना मले जरा.”