शेठच्या छातीतला ऑटो

दुकानातला माल येतो नि जातो, किस्से मात्र शिल्लक राहतात. बारामतीत शेतीपंपाच्या मोटारी, स्टार्टर विकता विकता माझ्याकडं पुष्कळ साठले. पण हल्ली गिऱ्हाईक मोटार सोडून माझ्या छातीचीच चौकशी करतं, म्हणून ते आधी सांगतो.

*

दोनदा चक्कर येऊन पडलो. एकदा दुकानात, एकदा इंदापूर रस्त्याला मोटारसायकलवरून! ईसीजी दर वेळी नॉर्मल. तिसऱ्यांदा पडलो तर उठेन का, ही धास्ती घरात बसली.

माळेगावचे दत्तूतात्या, माझ्या दुकानातल्या बाकावरचे कायमचे मेंबर, दवाखान्यातही सोबत. म्हणाले, "मेकॅनिक आला की मोटार गुमान चालती, तसंच हाय हे!"

डॉक्टर हसले. "मग मेकॅनिकच आत बसवू." म्हणजे कातडीखाली पेनच्या टोपणापेक्षा लहान, ठोक्यांवर नजर ठेवणारा मॉनिटर.

*

मला वाटलं, छाती उघडणार! सगळ्यांचा निरोप घेऊन गेलो. डॉक्टरांनी जागा बधिर केली, जरा दाबल्यासारखं वाटलं. डोळे गच्च मिटून म्हणालो, "करा सुरुवात."

"झालं की, शेठ!"

त्याच दिवशी घरी. जखम कोरडी ठेवायची, एवढंच पथ्य.

*

तात्यांनी गावभर केलं, "शेठच्या छातीत ऑटो बसवला!" लाइट आली की मोटार आपोआप सुरू करतो, तो ऑटो.

"तात्या, हे नुसती नोंद घेतं. काळीज बंद पडलं तर चालू करत नाही."

तात्यांचा चेहरा पडला. "मग उपेग काय?"

खरं सांगू? मलाही तेच वाटत होतं.

*

सोबत छोटा रिमोट होता. चक्कर आली की बटण दाबायचं, की नोंद थेट दवाखान्यात. "पडलेला माणूस दाबणार कसा?" म्हणत माझ्या बायकोनं, सुमननं, तो स्वतःकडंच ठेवला.

थोड्याच दिवसांत दवाखान्यातून फोन. सुमननंच उचलला. "इतक्या वेळा चक्कर येते?"

"न्हाय वो! हे गिऱ्हाइकावर वरडाय लागले की दाबते."

तेव्हापासून दुकानात शांतता आहे!

*

आणि एका दुपारी खरंच पडलो. तात्यांनी डोकं मांडीवर घेतलं, सुमननं बटण दाबलं. शुद्धीवर आलो तर तात्या रडत होते आणि वर मलाच दटावत होते, "असं करत्यात व्हय, शेठ?"

पण नोंद सापडली! ठोके काही क्षण चक्क थांबले होते. डॉक्टर म्हणाले, "चोर हाती लागला. आता पेसमेकर बसवू. ठोका चुकला की तो आपोआप देईल."

मी नुसते हात जोडले. सुमननं पदर डोळ्यांना लावला.

तात्यांनी मात्र खुर्ची पुढं ओढली. "म्हंजी, ह्यो ऑटोच की!"

"ऑटोच समजा," डॉक्टर म्हणाले.

तात्या एकदम गंभीर झाले. "पर सायेब, आमच्याकडं मोटारीला थ्री फेज लाइट आठच तास असती. ह्यांचं कसं करायचं?"