आईची फणी
भिंगवाल्या काकांनी जुन्या वस्तूंच्या दुकानात तीस वर्षं काढली, आणि कायद्याच्या बाबतीत ते सख्ख्या बहिणीलाही जुमानत नसत. एक दिवस ती बहीणच आईची अंबाड्यात खोचायची फणी विकायला घेऊन आली.

काकांनी भिंग लावलं. “कासवाच्या कवचाची आहे. कायद्याने विकता येणार नाही.”

“शिंगाची म्हणून लिही ना, दादा. कोण बघतंय?”

“मी बघतोय! तीस वर्षं इथे माश्या मारल्या का?”

“मग काय, कपाटात सडवू?” बहीण फणकारली.

“विकायला बंदी आहे, वापरायला नाही. वनखात्याकडे नोंद मी करून देतो.”

महिन्याभराने ती आली, ती अगदी आईसारखा अंबाडा घालून, त्यात फणी खोचून. काकांनी हातातलं भिंग खाली ठेवलं. आईला ओळखायला भिंग कशाला हवं!