चिकूवरचा लेप

गुजरातच्या सीमेवर, अच्छाडच्या नाक्याजवळ हायवेला चिकू विकणाऱ्या त्या बाईचं नाव मला आजही माहीत नाही. चिकू पदराला पुसायचा, दोन्ही अंगठ्यांनी उघडायचा आणि अर्धा गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचा, ही तिची पद्धत.

मी प्रयोगशाळेत कोळंबीच्या सालींपासून लेप बनवते. अल्ट्रासाउंड मशीनच्या कंपनांनी तो अगदी एकजीव होतो आणि फळावर लावला की बुरशी लवकर धरत नाही. असा लेप लावलेले चिकू मी तिला दाखवायला नेले. मशीनवर केलेला लेप आहे, एवढंच म्हणाले; तो कशाचा ते सांगायच्या आत तिने माझ्या टोपलीतला एक उघडला आणि समोरच्या गुजराती बाईंच्या हातात ठेवलासुद्धा. त्या गाडीतून उतरतानाच म्हणाल्या होत्या, आज उपास आहे.

चिकू ओठांपर्यंत गेला. मी पुढे धावले.

"थांबा! त्याला कोळंबीच्या सालींचा लेप आहे!"

बाईंनी चिकू टाकला. गाडी निघून गेली. चिकूवाली ओरडली नाही. तिने बाटलीतलं पाणी घेऊन हात चोळून चोळून धुतले.

"बाय, गिराइक माझा हात बघून खातं. तुझं मशीन बघून नाय."

पुढच्या खेपेला मी मक्याच्या स्टार्चमध्ये लवंगेचं तेल घालून केलेला लेप लावून चिकू नेले.

"आज काय लावलंस?"

मी सांगितलं. तिने चिकू पुसला, उघडला आणि अर्धा माझ्याच हातात ठेवला.

"आधी तू खा."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तेव्हा लक्षात आलं, माझ्या लेपाचा एकही चिकू मी आजवर खाल्ला नव्हता.