डोळा लागण्याआधीचे बोलणे

डॉ. वत्सलाताई रामटेके यांच्या साठीनिमित्तच्या या ग्रंथासाठी समितीने माझ्याकडे लेख मागितला. समितीला माझा स्वभाव माहीत नसावा. माझीही साठी दोन वर्षांपूर्वी झाली. घरी पुरणपोळी झाली. ग्रंथ कोणाला सुचला नाही.

ताईंची पहिली भेट पोलादाच्या प्लांटशेजारच्या जुनवानीला झाली. झोपेच्या संशोधनासाठी महाविद्यालयाने तिथे दोन खोल्या दिल्या होत्या आणि मी मेंदूच्या लहरी टिपणारे यंत्र जोडत होतो. ताई आल्या त्या थेट खाटेवर आडव्या झाल्या. म्हणाल्या, "उशी बदला, सर. हिच्यावर मलेच झोप येत नाही, तं रातपाळी करून आलेल्या माणसाले कशी येईन?" उशी मीच पसंत केलेली होती.

काम असे होते. रातपाळी संपवून आलेले प्लांटमधले कामगार दुपारी खाटेवर पडायचे. डोक्याला लेप लावून तारा चिकटवलेल्या. काचेपलीकडे मी यंत्रावर. लहरी मंदावल्या, माणूस झोपेच्या काठावर आला, की मी खूण करायचो आणि आत बसलेल्या ताई हळूच विचारायच्या, "आता मनात काय होतं?" त्या क्षणी विचार कसे वाटा सोडतात, हे त्यांनी शोधले. एक क्रेनचालक म्हणाला, "मॅडम, क्रेनवर माही बकरी बसून होती, आन् फोरमन तिले हार घालून राहिला होता." असली रत्ने रोज त्यांच्याच पदरात पडायची. मी हट्टाने काही दिवस आत बसून पाहिले. माझ्यासमोर एकाही माणसाचा डोळा लागला नाही. कामगार ताठ पडून छताकडे बघत राहायचे.

"तुमी वाट पाहून राहता," ताई म्हणाल्या. त्यांचे बरोबर होते, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

ताईंचा एक नियम होता. ऐकलेल्या बोलण्याचा फक्त प्रकार नोंदवायचा: चित्र, शब्द की आठवण. टेपवरचे मूळ बोलणे पुसून टाकायचे आणि कोणालाही सांगायचे नाही. या नियमाचे मी सभांमधून कौतुक करीत असे. मग माझे वडील खाटेवर आले.

बाबा प्लांटच्या कोकओव्हनमधून, कोळसा भाजणाऱ्या भट्ट्यांवरून, निवृत्त झालेले. घरात त्यांचे बोलणे पाणी, पेपर आणि पंखा एवढ्यापुरते. झोप त्यांना कधीच धड नव्हती. ताईंसमोर मात्र लहरी भराभर मंदावल्या. ताईंनी विचारले आणि बाबा बोलू लागले. मी काचेतून ओठ हलताना पाहत होतो. बाबा हसले, हात हलवून काही दाखवू लागले. माझ्याशी ते इतका वेळ कधी बोलले नव्हते. नंतर ताईंनी कोमट पाण्याने त्यांच्या केसांतला लेप स्वतः धुऊन काढला. बाबांच्या डोक्याला मी कधी हात लावला होता, ते मला आठवेना.

घरी मी विचारले, "बाबा, मॅडमले काय सांगतलं तुमी?"

"मले काय मालूम! मी तं झोपलो होतो ना. कावून, काही गडबड झाली का?"

ते खरेच बोलत होते. त्या काठावरचे बोलणे बहुतेकांना पुढे आठवत नाही, हे ताईंच्याच निबंधात आहे. दुसऱ्या दिवशी मी ताईंना गाठले. "ताई, माहे बाबा आहेत ते."

"हो सर. पण बोलणं त्यांचं आहे. ते कामगारायसाठी वेगळं आन् तुमच्यासाठी वेगळं कसं करू?"

बाबा गेल्यावर मी पुन्हा विचारले. निदान माझ्याबद्दल होते का, एवढेच. ताईंचे डोळे भरले, पण उत्तर तेच. असे तत्त्वनिष्ठ माणूस दुरून वंदनीय असते. शेजारच्या टेबलावर असले की जीव जळतो. माझा आजही जळतो.

म्हणून, सुहृदहो, माझ्या शुभेच्छा स्वार्थी आहेत असे खुशाल समजा. ताईंना शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य लाभो, आणि त्यांची स्मरणशक्ती शेवटपर्यंत ठणठणीत राहो. त्यांनी मला काही सांगू नये, मी आता विचारणारही नाही. पण माझे बाबा एकदा मनमोकळे बोलले होते, आणि ते बोलणे ताई आहेत तोवरच या जगात आहे.