दहा फ्रेम्स, बाबा

बाबांनी मला हरवलं. मैदानात नाही, लॅपटॉपवर.

काल दुपारी ते गेले. बराकपूरच्या घाटावर अग्नी मीच दिला. सकाळपासून सगळ्यांचे मेसेज येताहेत, "किती करायचे ते तुझ्यासाठी!"

करायचे. खरंच करायचे.

बाबांच्या बँकेतल्या बदलीने आम्ही इथे, बंगालमध्ये आलो. वर्षभरात आई गेली. मग मी आणि बाबा दोघंच.

मी हर्डल्स धावायचे. बाबा ट्रायपॉड घेऊन रोज हजर. माझ्या आणि मौमिताच्या धावेचे व्हिडिओ ते लॅपटॉपवर एकावर एक ठेवायचे, म्हणजे ओव्हरले. एकाच ट्रॅकवर आम्ही दोघी, अर्धपारदर्शक. कोण कुठे मागे पडतं ते लगेच दिसायचं.

मौमिता माझी मैत्रीण. स्पोर्ट्स होस्टेलसाठी क्लबकडून एकच नाव जाणार होतं, तिचं किंवा माझं.

होस्टेलचा फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी बाबांनी ओव्हरले दाखवला. दुसऱ्या हर्डलपासून. प्रत्येक हर्डलवर ती पुढे.

"पण कोच सरांच्या स्टॉपवॉचवर तर मी पुढे होते."

"हाताने घेतलेला टाइम चुकतो गं. हे बघ ना, समोर दिसतंय."

मी फॉर्म भरला नाही. मौमिता होस्टेलला गेली. पुढे नॅशनल्स धावली.

मी इथेच बी.ए. केलं. आता शाळेत पी.टी. शिकवते.

चार महिन्यांपूर्वी मी बाबांचा जुना लॅपटॉप रिकामा करत होते. ती फाइल सापडली. मूळ क्लिप्ससकट.

पहिल्यांदाच सुरुवातीपासून बघितली.

मौमिताची क्लिप स्टार्टरच्या टाळीवर सुरू होते. माझी, टाळीच्या दहा फ्रेम्स आधी. म्हणजे ती निघाली तेव्हा मी अजून खाली वाकलेलीच.

दोन्ही टाळ्या जुळवल्या. पुन्हा लावलं.

शेवटच्या हर्डलवर मी पुढे होते. चांगली हातभर.

लॅपटॉप तसाच त्यांच्यासमोर नेला.

"बाबा, हे चुकून झालं ना?"

त्यांनी चष्मा काढला. पुसत बसले.

"नाही."

"का पण?"

"तू गेली असतीस. मग मला इथे कोण होतं?"

एवढंच. सॉरीसुद्धा नाही.

त्यानंतर मी त्यांच्याशी फक्त कामापुरतं बोलले. गोळी घेतली का. जेवायला वाढू का. त्यांनी एकदा विचारलं, "शाळेतली मुलं कशी धावतात?" मी म्हटलं, "धावतात."

मला वाटलं होतं, भांडायला अजून वेळ आहे.

आज मौमिताचा फोन आला. हुंदके देत होती. "अंकल ना होते तो मैं वहाँ पहुँचती ही नहीं।"

मी म्हटलं, "हाँ।"

तिला काय सांगू? ती खरंच चांगली धावायची. तिचा काय दोष?

ज्या माणसावर डोळे मिटून विश्वास ठेवला, त्यानेच हे केलं. आणि आता घर इतकं शांत आहे की त्यांचं खोकणंही आठवतंय.

बाबा, मी तुम्हाला माफ केलेलं नाही. आज तरी नाही.

शांत झोपा. तुमच्या मुलीचा शेवटचा नमस्कार.